रुसलेला दात

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला, उभ्या असलेल्या एका माणसाच्या हातातली पिशवी समोरच्या बाकावरच्या म्हातारीच्या मांडीवर जाऊन पडली, तो माणूस ओशाळला, आणि ती ‘असू दे, असू दे’ म्हणत तोंडभरून हसली. एवढंच झालं. अशा गोष्टी बसमध्ये दिवसाला पन्नास होतात आणि पुढच्या थांब्यापर्यंत कुणाच्या लक्षातही राहत नाहीत. पण तिच्या समोर बसलेला एक प्रौढ माणूस एकदम पुढे झुकला. तिच्या वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा दात त्याने पाहिला होता. शेजारच्या मोठ्या दाताच्या आड किंचित वळलेला, अर्धं तोंड फिरवून बसलेला. तो दात त्याचा होता. म्हणजे त्याने लावलेला होता. सव्वीस वर्षं तो लोकांच्या कवळ्या करत आला होता, आणि एक अपवाद सोडला तर आपल्या हातची कवळी त्याने आजवर माणसाच्या तोंडात पाहिलेली नव्हती. आता ती समोर बसली होती, जांभळ्या स्वेटरच्या वर, खिडकीतल्या उन्हात, आणि पिशवीवाल्याला विचारत होती की आत अंडी तर नाहीत ना.

कुणाला सांगून पटणार नाही, पण त्याच्या धंद्याची रीतच तशी होती. दातांचे डॉक्टर माणसाच्या जबड्याचं माप घेतात, त्या मापावरून प्लास्टरचा साचा होतो, आणि तो साचा एका चिठ्ठीसकट त्याच्या टेबलावर येतो. चिठ्ठीवर नाव नसतं. नंबर असतो, वय असतं, बाई की पुरुष ते असतं, दातांचा रंग कोणता हवा ते असतं. साच्यावर तो मेणाची हिरडी उभी करतो, तिच्यात एकेक दात बसवतो, आणि ते मेणातले दात ट्रायलसाठी दवाखान्यात परत जातात. तिथे आरशासमोर कोण बसतं, काय म्हणतं, खूश होतं की हिरमुसतं, हे त्याला कधी कळत नाही. चिठ्ठी तेवढी परत येते. ‘ठीक आहे’, नाहीतर ‘उजवीकडे उंच लागतं’. मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी ओतायची, घासायची, चकचकीत करायची, डबीत घालायची, की संपला विषय. दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबच्या लांबट खोलीत भिंतभर फळ्यांवर साचे मांडलेले होते. शेकडो तोंडं दिवसभर आ वासून बसलेली, आणि एकही बोलत नसे. कोण एकाच बाजूने चावतं, कोण झोपेत दातओठ खातं, कुणाची टाळू उंच आहे, सगळं त्याला ठाऊक होतं. हीच माणसं रस्त्यात समोर आली असती, तर तो अंग चोरून बाजूने निघून गेला असता.

वळलेला दात मात्र त्याची खूण होती. लॅबमध्ये नवा लागला तेव्हा त्याने पहिली कवळी लावली ती अगदी पट्टीने आखल्यासारखी, आणि मोठ्या अभिमानाने थोरल्या मालकांपुढे नेऊन ठेवली. थोरले मालक म्हणजे लॅब सुरू केलेला माणूस, भुवयांत कायम प्लास्टरची पिठी, बोलायचं म्हणजे जिवावर आल्यासारखं. त्यांनी कवळी उजेडात धरली, परत दिली आणि म्हणाले, “दात लावलेस की शाळेची रांग? एक तरी रुसलेला ठेव.” त्याने डावीकडचा दुसरा दात रुसवला. पुढे ते त्याच्या हातातच बसलं. किती वळवायचा, शेजाऱ्यावर किती चढवायचा, हे अंगठ्याला ठाऊक झालं. डॉक्टरांच्या ते ध्यानात यायचं नाही, आलं तरी मेण गरम असताना हललं असेल म्हणून सोडून द्यायचे. चित्रकार कोपऱ्यात सही करतो, त्याला सही करायला कोपरा नव्हता, म्हणून हा दात. या शहरात हजारभर माणसं त्याची सही तोंडात घेऊन हिंडत असतील, जेवत असतील, भांडत असतील, या विचाराने त्याला कितीतरी कंटाळवाण्या दुपारी तारून नेलं होतं. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. बायको आधीच म्हणायची की पहिल्या भेटीत हा माणूस माझं बोलणं किती मन लावून ऐकतोय म्हणून मी भाळले, आणि नंतर कळलं की हा माझे दात बघत होता.

त्याचा थांबा आला. दार उघडलं, चार माणसं उतरली, दोन चढली, दार बंद झालं, आणि तो जागचा हलला नाही. सव्वीस वर्षांत त्याला लॅबमध्ये पोचायला उशीर झाल्याचे प्रसंग बोटांवर मोजता आले असते. पण गेल्या रविवारपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. रविवारी त्याची लेक जेवता जेवता बोलून गेली होती. तिने दुसरी नोकरी सोडली होती, महिनाभर घरी होती, आणि आईच्या नजरेला नजर देत नव्हती. तिला टोचायचं नव्हतं, खरंच विचारायचं होतं. “बाबा, तुम्ही इतकी वर्षं एकच काम केलंत. तुम्हाला त्यातून काय मिळालं?” आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, “पगार.” बायको हसली, लेकही हसली, मग लेकीने ताटात बघून हळूच ‘हं’ म्हटलं, आणि ते ‘हं’ त्याच्या जिव्हारी लागलं. पोरीला हात धरून उभं करायचं तर तिथे आपल्यापाशी पगारापलीकडे शब्द नसावा. तिची नोकरी सुटली म्हणून त्याला एवढं वाईट वाटलं नव्हतं, जेवढं त्या एका उत्तराने वाटलं. रात्री कूस बदलताना त्याला चांगली चांगली उत्तरं सुचली, पण ती सगळी दुसऱ्या कुणाचीतरी होती.

त्यात धाकट्या मालकांनी मंगळवारी बोलावून घेतलं. हे थोरल्यांचे चिरंजीव, स्वभावाने भले, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. लॅबच्या पुढच्या खोलीत काचेआड त्यांनी यंत्र आणलं होतं. पडद्यावर जबडा गरगर फिरवायचा, दात ओढून जागेवर टाकायचे, बटण दाबायचं, आणि आतमध्ये कुरकुर करत कवळी कोरली जायची, मेण नाही, दिवा नाही, पिठी नाही. मालक म्हणाले की मास्तर, आता तुम्ही तपासणीच्या टेबलावर बसा. यंत्रातून निघालेला माल बघायचा, शिक्का मारायचा, सही करायची. पगार वाढेल, बोटांचं दुखणं जाईल. सोमवारपर्यंत सांगा. लॅबमध्ये सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि मालकांनी ते इतक्या आदराने म्हटलं की त्याला निरोपाच्या समारंभात बसल्यासारखं झालं. हो म्हटलं तर हाताला पुन्हा मेण लागणार नव्हतं. नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागणार होतं, आणि तेच तर त्याला सांगता येत नव्हतं. लेकीला दिलं ते उत्तर खरं असेल, तर टेबलावर बसायला हरकत काय होती? पगार तिथेही होताच. आज गुरुवार होता. आणि गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता, मागितल्याशिवाय, समोरच्या बाकावर पुरावा येऊन बसला होता.

म्हातारी उतरली तसा तोही उतरला. बाईमाणसाच्या मागे जाण्याचं त्याचं वय कधीचंच उलटलं होतं, आणि सत्तरीच्या बाईमागे जाण्याचं तर कुणाचंच नसतं. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं याची जुळवाजुळव करत तो वीस पावलं मागे राहून चालला. ती बाग ओलांडून जात होती. मध्येच एका बाकावर बसली, गुडघा चोळला, पिशवीतून सफरचंद काढलं, स्वेटरला पुसलं आणि पुढच्या दातांनी कचकन चावा घेतला. तो झाडाआड थांबला होता. तो आवाज त्याच्या कानात असा काही घुमला की डोळ्यांत पाणी आलं. अख्खं सफरचंद, न कापता. काय बसली आहे कवळी! त्याला थोरल्या मालकांची आठवण झाली. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांची कवळी त्यानेच केली होती. तोच तो एक अपवाद. पंधरा दिवस त्याने त्या एका कवळीवर घालवले होते, टाळूचा एकेक उंचवटा बोटाने वाचत. त्यांनी ती घातली, दोनदा मिटून पाहिली, जिभेने चाचपली, आणि म्हणाले, “बसली.” त्यानंतर तो विषय दोघांत कधी निघाला नाही. त्या एका शब्दावर त्याने किती वर्षं काढली होती, हे आता या झाडाआड उभं असताना त्याला कळलं, आणि त्याला स्वतःचीच कणव आली. पण आता त्या शब्दाला जोडीला हे सफरचंद आलं होतं. संध्याकाळी घरी जाऊन लेकीला सांगता येईल असं काहीतरी आलं होतं.

तो पुढे झाला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, खाकरला. म्हणाला, “आजी, एक विचारू? राग मानू नका.”

“विचारा की.”

“कवळी कुठल्या डॉक्टरांकडे केलीत?”

ती चावायची थांबली. आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, कुणा दुसऱ्याला तर विचारत नाही ना म्हणून. “कुणाची कवळी?”

“तुमची.”

“माझी?” म्हातारीला राग यायला हवा होता, पण गंमत वाटली. “अहो भल्या माणसा, हे माझे आहेत. पुरे बत्तीस राहिले नाहीत, पण आहेत तेवढे माझे स्वतःचे.” आणि बोटाने वरचा ओठ उचलून तिने ते त्याला उन्हात दाखवले.

पहिल्या महिन्यातला शिकाऊसुद्धा इथे चुकला नसता. कडेची झीज, दाताच्या अंगावरची केसासारखी उभी चीर, मुळाशी सरकलेली खरी, ओलसर हिरडी. आणि हे सगळं राहू दे, ते सफरचंद! कवळी घालणारं माणूस अख्खं सफरचंद पुढच्या दातांनी चावू शकत नाही. पुढे जोर आला की मागून कवळी उचकटते. ही गोष्ट त्याने स्वतः कितीतरी नव्या लोकांना शिकवली होती. आणि आज तेच डोळ्यांनी बघून त्याने ते आपल्या हाताच्या नावावर जमा केलं होतं. आपण कोण, काय काम करतो, तिच्या दाताची आणि आपली कशी ओळख पटली, हे त्याने अडखळत सांगितलं. थोरल्या मालकांचं बोलणं सांगितलं, सही सांगितली. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते एका अनोळखी बाईला बागेतल्या बाकावर सांगून टाकलं. तिने लक्ष देऊन ऐकलं. सुरुवातीला ती हसत होती, मग हसू हळूहळू मावळलं.

मग ती तिच्या दाताचं सांगत बसली. शाळेत पोरं तिला काय काय म्हणायची. आई रोज झोपण्याआधी तो दात अंगठ्याने दाबायची, सरळ होईल म्हणून, आणि दाबता दाबता उसासे टाकायची. लग्नाच्या फोटोत ती ओठ घट्ट मिटून उभी आहे, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. नोकरीत चारचौघांत हसायची वेळ आली की हात आपोआप तोंडावर जायचा. तो हात खाली यायला पन्नाशी उलटावी लागली, आणि त्यालाही कारण फार थोर नव्हतं, हात भरलेले असायचे इतकंच. ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, जुन्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलत होती. मग थांबली आणि त्याच्याकडे सरळ पाहून म्हणाली, “आणि तुम्ही हा मुद्दाम बसवता? ज्यांच्या तोंडात बसवता, त्यांना विचारता तरी का?”

“ती माणसं आमच्याकडे येत नाहीत.”

“मग तुम्ही जायचं.”

ती हे अगदी सहज म्हणाली. उठताना तिने पिशवीतलं दुसरं सफरचंद काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि गुडघ्यावर हात देत निघून गेली. तो बराच वेळ बसून राहिला. पुरावा हातचा गेला याचं दुःख होतंच, पण खाली आणखी काहीतरी होतं, चपलेत शिरलेल्या खड्यासारखं, आणि चालायला लागल्यावर ते टोचायला लागलं. एक चिठ्ठी. सहा-सात वर्षं झाली असतील. ‘स्त्री, ४४. पेशंटला समोरचा दात वाकडा वाटतो. सरळ करावा.’ त्या दिवशी त्याला राग आला होता. लोकांना चव नाही, नजर नाही, त्यांना टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात हवेत, असं तो मनातल्या मनात धुसफुसला होता, आणि मग त्याने तो दात सरळ केला नव्हता. समोरून सरळ भासेल एवढाच फिरवला होता. बाजूने पाहिलं तर तो होता तसाच होता. कवळी परत आली नाही, म्हणजे आपलं बरोबर ठरलं, असं तेव्हा त्याने धरलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई. एवढ्या लहान वयात सगळे दात गेलेली. तिने धीर करून एकदा तोंड उघडून सांगितलं असेल, डॉक्टरांनी लिहिलं असेल, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका माणसाने तिची फसवणूक केली असेल, स्वतःच्या सहीपायी. दुसऱ्यांदा सांगायचा धीर तिला झाला नसेल. तिचा हात अजून तोंडावर जात असेल. रस्त्याच्या कडेला, एका कुलपांच्या दुकानासमोर, तो थांबला. त्याला शरम वाटली, अंगभर आणि उघड वाटली. हजार माणसं आपली सही घेऊन हिंडताहेत या विचारात त्याने इतकी वर्षं सुख मानलं होतं, आणि त्या हजारांतला एकही चेहरा त्याला कधी दिसला नव्हता. त्याला दिसत होता तो स्वतःचा अंगठा.

लॅबमध्ये पोचला तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. धाकट्या मालकांनी घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेतली. तब्येत बरी आहे ना, असं विचारलं, आणि मंगळवारचं काही ठरतंय का असंही. तो ‘सोमवारी सांगतो’ म्हणाला. टेबलावर ट्रायलला निघालेली एक कवळी होती. काल संध्याकाळी त्यानेच लावून ठेवलेली, लोखंडी बिजागरीवर वरचा-खालचा साचा मिटलेला. ‘स्त्री, ५८. दात एकसारखे, पांढरे.’ त्याने बिजागरी उघडली. एकसारखे सांगितले होते, आणि डावीकडचा दुसरा दात रुसलेला होता. आपण तो कधी वळवला हे त्याला आठवेना. दिवा पेटवून त्याने मेण तापवलं आणि दात सरळ केला. सरळ केल्यावर सगळी रांग मुकाट उभी राहिली, आणि ते त्याला पूर्वीइतकंच नकली वाटलं. म्हणजे हेही उत्तर नव्हतं. म्हातारीने सरळ लावायला सांगितलं नव्हतं. तिने विचारायला सांगितलं होतं.

दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा होता. अकरा वर्षं तो त्यांचं अक्षर वाचत होता, ‘र’ला वेलांटी कशी फरपटते तेही ओळखत होता, पण आवाज फोनवर पहिल्यांदाच ऐकला. ट्रायल घेऊन मी स्वतः आलो तर चालेल का, म्हणून त्याने विचारलं. काही चूक झाली आहे का, असं त्यांनी विचारलं. त्याने नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग म्हणाला की तसं नक्की सांगता येत नाही. शेवटी त्या म्हणाल्या, या, चार वाजता पेशंट आहे. मेणाच्या पट्ट्या, सुरी, स्पिरिटचा दिवा, असं सगळं त्याने एका डब्यात भरलं, आणि कवळी ओल्या कापडात गुंडाळून मांडीवर धरून बसने गेला. सबंध वाटेत त्याने एकाही माणसाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

डॉक्टरीणबाई त्याला पाहून म्हणाल्या, “तुम्ही होय मास्तर? मला वाटायचं तुम्ही चांगले ऐंशी वर्षांचे असाल.” बाहेरच्या खोलीत एक म्हातारा गृहस्थ वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसला होता. आत खुर्चीवर त्याची बायको होती, बारीक चणीची, मांडीवर रुमाल, आणि हात तोंडावर. डॉक्टरीणबाईंनी दाराशीच हळू आवाजात सांगितलं की दात काढून चार महिने झाले, तेव्हापासून बाई घराबाहेर पडलेली नाही, फोनवर बोलत नाही, नवऱ्यासमोर जेवतसुद्धा नाही. त्याने हे ऐकलं आणि त्याची नजर खाली गेली. साच्यावरून त्याला तिच्या टाळूचा उंचवटा न् उंचवटा ठाऊक होता, आणि हे ठाऊक नव्हतं.

मेणातले दात तोंडात बसवले गेले, आरसा हातात दिला गेला. बाईने पाहिलं. “छान आहेत,” ती म्हणाली. मापात न बसणारा कपडा कुणी हौसेने भेट दिल्यावर आपण म्हणतो, तशी. त्याने हा शब्द चिठ्ठ्यांवर शेकडो वेळा वाचला होता आणि तो असा ऐकू येतो हे त्याला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई फाइलवर लिहायला वळल्या. तो स्टूल ओढून खुर्चीच्या बाजूला बसला.

“बाई, हे दात मी लावलेत,” तो म्हणाला. “अजून मेणात आहेत, हलवता येतात. तुमचे पूर्वी कसे होते?”

तिने आधी डॉक्टरांकडे पाहिलं, बोलायची परवानगी आहे का ते बघायला. मग रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. “पूर्वीचे काही चांगले नव्हते.”

“चांगले राहू द्या. कसे होते?”

मग आरशातल्या दोन मोठ्या दातांच्या मध्ये तिने करंगळीचं नख ठेवलं. “इथे फट होती.”

डॉक्टरीणबाई मान वर करून म्हणाल्या की अहो, फट कशाला, उलट आता सुंदर करून घ्यायची संधी आहे. त्या चांगल्या मनानेच म्हणाल्या, आणि बाईने लगेच मान डोलावली, हो हो, राहू द्या, म्हणाली. तो मात्र दिवा पेटवत होता. सुरी तापवून त्याने मेण मऊ केलं. फट पाडणं म्हणजे दोन दात हलवणं नव्हे. मधले दोन सरकले की बाजूचे चार सरकवावे लागतात, नाहीतर सगळी ओळ कोलमडते. कवळी थंड पाण्यात बुडवून त्याने मेण घट्ट केलं आणि दिली. बाईने आरशात पाहिलं, डोकं एका बाजूला कललं. “इतकी नव्हती,” ती म्हणाली, आणि आपण तक्रार केली म्हणून घाबरली. त्याने पुन्हा सुरी तापवली. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली की डावीकडचा जरा पुढे असायचा, शेंगा सोलायचे ना मी त्याने. या वेळी ती घाबरली नाही. बोटाने नेमकी जागा दाखवली. ते बोट त्याच्या डोळ्यांसमोर होतं, सुरकुतलेलं, नखाजवळ भाजल्याचा डाग असलेलं, आणि तो आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाकडे दुसऱ्याच्या बोटाने बघत होता. मालकांना काय सांगायचं ते ठरलेलं होतं, कधी ठरलं ते त्याला कळलंही नव्हतं. टेबल नको, शिक्का नको. यंत्र कोरू दे नाहीतर मेण राहू दे, पण ट्रायलला मी जाणार. मालक ऐकतील की नाही याची खात्री नव्हती. नाही ऐकलं तर दुसरी लॅब बघावी लागेल, या वयात. त्याची भीती वाटत होती, आणि तरी त्याने सुरी पुन्हा दिव्यावर धरली.

तिसऱ्या खेपेला बाईने आरसा जवळ नेला, लांब नेला, ओठ मिटले, उघडले. तिने रुमाल मांडीवरून उचलून पिशवीत ठेवला. मग दाराकडे तोंड करून तिने हाक मारली, “अहो, जरा आत या.”

म्हातारा चष्मा सावरत दारात आला. डॉक्टरीणबाईंकडे त्याने पाहिलं, स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे पाहिलं. ती हसली, हात न लावता. वर्तमानपत्र त्याच्या हातातून सुटून खाली पडलं, ते त्याने उचललं नाही. बाजारातून परतायला तिला फार उशीर झाला असावा, तसा तो म्हणाला, “आलीस होय?”

मास्तर सुरी शोधत राहिला, आणि सुरी त्याच्या हातातच होती.